तारांगणातील दुर्लक्षित कारभारी

(द्वितीय वर्ष कला)

आकाशात जे काही चालते ते कोणाच्या बळावर चालते, असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित माणसाला विचारला, तर तो क्षणाचाही विलंब न लावता गुरुत्वाकर्षणाचे नाव घेतो. ग्रह फिरतात ते त्याच्यामुळे, भरती येते ती त्याच्यामुळे, तारे जन्मतात आणि कोसळतात तेही त्याच्यामुळेच. न्यूटन आणि सफरचंद ही जोडी तर आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की भौतिकशास्त्र सोडून कला शाखेकडे वळलेल्या आम्हा मुलांच्याही ती तोंडी असते. लोहचुंबकाच्या वाट्याला मात्र शाळेत एक लहानसा पाठ येतो. कागदाखाली चुंबक, वर लोखंडाचा कीस, दोन ध्रुव, सजातीय आणि विजातीय. परीक्षा संपली की तो बिचारा पुन्हा प्रयोगशाळेच्या कपाटात.

माझे म्हणणे असे आहे की, आकाशाची ही एकाच्याच नावे लिहिलेली बखर अपुरी आहे. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत. राजाच्या नावाने द्वाही फिरते, शिक्का राजाचा असतो. पण कोणत्या गढीला रसद पोहोचली आणि कोणता सरदार वाटेतच अडला, हे पाहायचे तर कारभाऱ्यांचे कागद काढावे लागतात, हे आम्हांला पहिल्या वर्षापासून शिकवले जाते. विश्वाच्या दरबारात गुरुत्वाकर्षण हा राजा आहे, यात वाद नाही. परंतु चुंबकीय क्षेत्र नावाचा कारभारी वगळला तर त्या राजाचे निम्मे हुकूम कागदावरच राहतील.

कलेच्या मुलीने असल्या विषयात पडू नये, असे मला वाचनालयात एकाने ऐकवले. त्याला उत्तर देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. फक्त एवढेच सांगते की या विषयाच्या इतिहासातले एक अत्यंत महत्त्वाचे पान आपल्या मुंबईत लिहिले गेले आहे, आणि ते वाचायला विज्ञान शाखेत प्रवेश घ्यावा लागत नाही.

ते पान असे. १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिषी दुर्बिणीतून पडद्यावर पडलेल्या सूर्यबिंबावरील डाग रेखाटीत बसला होता. एका मोठ्या डागसमूहावर त्याला अचानक दोन लखलखीत ठिपके दिसले आणि काही मिनिटांतच ते मावळले. साडेसतरा तासांनी, म्हणजे आपल्याकडे २ सप्टेंबरची सकाळ उजाडून दहा वाजण्याच्या सुमारास, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकसूची ढळू लागल्या. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली काढली होती आणि १८४० नंतरच्या दशकात तेथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या होत्या. एरवी तासातासाला नोंद व्हायची. गडबड दिसू लागताच ती पंधरा-पंधरा मिनिटांनी आणि त्याहूनही लवकर घेतली गेली. क्षितिजसमांतर दिशेतील चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले. मुंबईला हे बल एकंदर जेवढे असते, त्याच्या मानाने ही घट शेकडा चार भरते. शेकडा चार म्हणजे काही फार नाही, असे कोणाला वाटेल. पण पृथ्वीच्या चुंबकाला एवढा धक्का बसल्याची मोजून ठेवलेली दुसरी घटना सापडणे कठीण आहे. त्याच दिवशी अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड येथील तारमास्तरांनी आपल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि आकाशातून तारांत उतरलेल्या विजेवर सुमारे दोन तास संदेश पाठवले.

कुलाब्याच्या त्या आकड्यांचे पुढे काय झाले? ते दप्तरात राहिले. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बाहेर काढले, तेव्हा त्या वादळाचे खरे मोजमाप जगाला मिळाले. मध्ये एकशे चव्वेचाळीस वर्षे गेली होती. वेधशाळेत बसून सुईचा काटा वाचणाऱ्या माणसाला आपण काय लिहून ठेवतो आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याने ते नीट लिहिले, एवढेच.

सूर्यावर काहीतरी घडले आणि पृथ्वीवर चुंबकसूची हलली, हा योगायोग की संबंध? आज आपण चटकन संबंध म्हणू. पण त्या काळच्या मोठ्या माणसांना ते मान्य नव्हते. लॉर्ड केल्व्हिन हे त्या शतकातील सर्वश्रेष्ठ पदार्थवैज्ञानिकांपैकी एक. १८९२ साली रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी गणित मांडून दाखवले की, फारसे तीव्रही नसलेले आठ तासांचे एक चुंबकीय वादळ उठवायचे तर सूर्याला आपल्या चार महिन्यांच्या प्रकाश-उष्णतेइतकी शक्ती खर्चावी लागेल. तेव्हा हे अशक्य. गंमत अशी की त्यांचे गणित बरोबर होते! गृहीतक तेवढे चुकले होते. सूर्य आपले चुंबकीय बल दाही दिशांना सारखे फेकतो, असे त्यांनी धरले. वस्तुतः सूर्य तप्त वायूचा एक लोट एका दिशेने भिरकावतो आणि तो लोट आपले चुंबकीय क्षेत्र गाठोड्यासारखे बरोबर घेऊन येतो. थोरांच्या शब्दापुढे मान तुकवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी हा किस्सा अवश्य ध्यानात ठेवावा.

सूर्याच्या डागांत प्रत्यक्ष चुंबकत्व आहे, हे १९०८ साली अमेरिकेतील माउंट विल्सन येथे जॉर्ज एलरी हेल यांनी दाखवले. पीटर झीमान यांनी १८९६ मध्ये असे दाखवून दिले होते की चुंबकाच्या सान्निध्यात प्रकाशाची वर्णरेषा फुटते, एकीच्या अनेक होतात. सूर्यडागांच्या प्रकाशात हेल यांना नेमक्या तशा फुटलेल्या रेषा दिसल्या. पृथ्वीचे क्षेत्र सुमारे अर्धा गॉस; डागांतले निघाले तीन हजार गॉसच्या घरात. डाग काळा का दिसतो, तेही त्यातून उलगडले. हे जबरदस्त क्षेत्र खालून वर येणाऱ्या तप्त वायूचे उकळणे अडवून धरते, म्हणून तेवढा भाग भोवतालपेक्षा थंड राहतो. दर अकरा वर्षांनी डागांची संख्या वाढून ओसरते आणि प्रत्येक खेपेस ध्रुवांची अदलाबदल होते, म्हणजे खरे चक्र बावीस वर्षांचे.

येथे थोडे घरचे सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडिलांचे विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी बांधण्याचे दुकान आहे. जळालेली तांब्याची तार उकलायची, मोजून नवी भरायची, वार्निश लावून वाळवायची, हा उद्योग मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. सूर्यातील चुंबकाविषयी मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगू लागले, तेव्हा हातातले काम न थांबवता त्यांनी विचारले, “पण सूर्यात तार कुठली?” मी निरुत्तर झाले. पुढे वाचनात आले की या विषयाचा सगळा गाभाच त्या प्रश्नात आहे. तारेवाचून वीज वाहणार नाही, विजेवाचून असा चुंबक होणार नाही आणि हजारो अंश तपमानात कायमचा चुंबक तर टिकूच शकत नाही, मग सूर्यात हे घडते कसे?

उत्तर असे, की तेथे तारेची गरजच नसते. वायूच तार होतो. अतिशय तापलेल्या वायूतील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो विजेचा उत्तम वाहक बनतो. यालाच प्लाझ्मा म्हणतात. (आपल्याला हा शब्द रक्तपेढीमुळे ठाऊक असतो. आयर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ साली तो वायूला लावला.) तारे याचेच बनले आहेत आणि ताऱ्यांमधील पोकळीतही विरळ स्वरूपात बहुतांशी हाच पसरला आहे. सूर्याच्या पोटात हा वाहक वायू सतत घुसळला जातो, त्याचा मध्यभाग ध्रुवांकडील भागापेक्षा भराभर फिरतो, त्यामुळे चुंबकीय बलरेषा ताणल्या जातात, पीळ घेतात आणि क्षेत्र पुन्हा पुन्हा नवे होत राहते. घुसळण्याच्या शक्तीचे चुंबकशक्तीत रूपांतर करणाऱ्या या यंत्राचे गणित १९५५ साली यूजीन पार्कर यांनी मांडले. आपल्या अर्णब राय चौधुरींसारख्या संशोधकांनी ते पुढे नेले आहे. वडिलांना हे समजावले, तेव्हा “म्हणजे तारच फिरते आणि तारच चुंबक बनवते, मग ती जळत कशी नाही?” असा पुढचा प्रश्न आला. ती जळूनच तर तार झाली आहे, हे मला तेव्हा सुचले नाही.

प्लाझ्मा आणि बलरेषा यांचे नाते सर्वप्रथम स्पष्ट सांगितले ते हानेस आल्फवेन या स्वीडिश वैज्ञानिकाने. १९४२ साली ‘नेचर’मधील एका छोट्या टिपणात त्यांनी दाखवले की, उत्तम वाहक असलेल्या द्रवात किंवा वायूत बलरेषा जणू गुंतून बसतात. वायू सरकला की त्या सरकतात, त्या ताणल्या की वायू ओढला जातो, आणि सतारीच्या तारेवर जशी लहर धावते तशी या रेषांवरून लहर धावू शकते. त्या काळी हे फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९४८ साली त्यांनी शिकागोत व्याख्यान दिले, तेव्हा श्रोत्यांतील एन्रिको फर्मी यांनी मान डोलावून होकार दिला आणि दुसऱ्या दिवसापासून सर्वांनाच ते उघड सत्य वाटू लागले, असे सांगतात. गोष्टीला थोडे तिखटमीठ लागलेले असेलही. परंतु १९७० चे नोबेल पारितोषिक आल्फवेन यांना मिळाले, ते खरे.

पार्कर यांची कथाही त्याच जातीची आहे. सूर्यापासून सर्व दिशांना प्लाझ्माचा अखंड वारा वाहत असला पाहिजे, असे त्यांनी १९५८ च्या निबंधात लिहिले. निबंध तपासणाऱ्या दोघाही तज्ज्ञांनी तो नापसंत केला. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही ही कल्पना रुचली नव्हती. पण गणितात चूक कोणालाच दाखवता आलेली नाही हे पाहून त्यांनी निबंध छापला. चारच वर्षांनी, १९६२ साली, शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ या यानाला तो वारा वाटभर लागला. चंद्रशेखर यांचे ताऱ्यांवरील संशोधन सर्वांना माहीत असते. स्वतःला न पटलेला निबंध त्यांनी छापला, ही गोष्ट मला त्या संशोधनाइतकीच मोठी वाटते, आणि नियतकालिके चालवणाऱ्या आपल्या संपादक मंडळींनीही ती लक्षात घ्यावी अशी नम्र सूचना आहे. पार्कर यांच्या नावाचे यान ऑगस्ट २०१८ मध्ये सुटले, तेव्हा ते पाहायला ते स्वतः हजर होते. एप्रिल २०२१ मध्ये यान सूर्याच्या प्रभामंडलात शिरले. ज्या सीमेच्या आत वायू बलरेषांना बांधलेला असतो आणि जिच्या बाहेर तो सुटून वारा होतो, ती सीमा त्याने ओलांडली. या सीमेला आल्फवेन यांचे नाव आहे. पुढे २४ डिसेंबर २०२४ रोजी ते सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेले. पार्कर मात्र २०२२ मध्ये निवर्तले होते.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. राजाचे हुकूम कारभाऱ्यावाचून कागदावर राहतील, असे मी म्हटले ते अतिशयोक्ती म्हणून नव्हे. फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसलेल्या माणसाने हात जवळ ओढून घेतले की खुर्ची अधिक वेगाने फिरू लागते. ताऱ्याला जन्म देणारा वायूचा प्रचंड ढग आकसतो, तेव्हा त्याचेही असेच होते. जन्मतःच तो इतक्या वेगाने गरगरू लागला पाहिजे की आणखी आकसणेच थांबावे. आपल्या सूर्यात साऱ्या सूर्यमालेचे शेकडा ९९·८ वस्तुमान आहे. पण फिरण्याचा वाटा बहुतेक ग्रहांकडे, आणि सूर्य स्वतः पंचवीस-एक दिवसांत एक फेरी घेतो, तीही रमतगमत. हा वेग गेला कुठे? बलरेषांनी तो काढून घेतला. जन्मकाळी त्या फिरणे बाहेरच्या वायूकडे पोहोचवतात आणि पुढे सौरवाऱ्याला लगाम लावून ताऱ्याला हळूहळू मंद करतात.

कृष्णविवराची गोष्ट तर याहून बोलकी. आपला समज असा की कृष्णविवर सर्व काही गिळते. प्रत्यक्षात त्याच्याभोवती फिरणारा वायू, पृथ्वी जशी सूर्यात पडत नाही तसा, फिरतच राहायला हवा. त्याला आत पाडायचे तर कोणीतरी त्याचा वेग चोरला पाहिजे. १९९१ साली स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनी दाखवले की हे काम अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रही करते. आतल्या व बाहेरच्या वायूला जोडणारी बलरेषा रबरासारखी ताणली जाते, आतल्याला मागे खेचते, बाहेरच्याला पुढे ढकलते. आतला खाली घसरतो, ताण आणखी वाढतो आणि साऱ्या तबकडीत खळबळ माजते. या अस्थिरतेचे गणित सोव्हिएट रशियातील वेलिखॉव्ह यांनी १९५९ मध्ये आणि चंद्रशेखर यांनी १९६० मध्येच केले होते. तीस वर्षे त्याचा उपयोग कोणाच्या ध्यानी आला नाही! एम-८७ या आकाशगंगेतील कृष्णविवराचे छायाचित्र आपण २०१९ साली वर्तमानपत्रांत पाहिले. मार्च २०२१ मध्ये त्याच प्रकाशाच्या ध्रुवणावरून तेथील क्षेत्राचे मान १ ते ३० गॉस निघाले. आपल्या कपाटाचे दार धरून ठेवणारा चुंबकही याहून बलवान असतो. इतक्याशा बळाने तेथे वायूची नाकेबंदी होते आणि प्रकाशवेगाशी स्पर्धा करणारे फवारे सुटतात.

आणि आपल्या आकाशगंगेतील क्षेत्र तर पृथ्वीच्या लक्षांशाइतके दुबळे आहे. चंद्रशेखर आणि फर्मी यांनी १९५३ साली ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्याचा अंदाज बांधला होता. दुबळे असले तरी ते हजारो प्रकाशवर्षे पसरले आहे, त्यामुळे त्याची एकूण शक्ती तेथील वायूच्या खळबळीच्या तोडीची भरते. गरिबांच्या संख्येचेही असेच असते, हे राज्यशास्त्राच्या मित्रांना सांगायला नको.

तथापि, उपेक्षिताची बाजू घेताना तोल जाण्याची भीती असते. खुद्द आल्फवेन यांचेच उदाहरण पाहा. संपूर्ण विश्वाची घडण प्लाझ्मा आणि चुंबकीय बळ यांच्या आधारे सांगण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पुरावे त्याच्या विरुद्ध गेले आणि तो सिद्धांत मागे पडला. उलट, ज्या बलरेषांच्या गुंतण्यामुळे त्यांना कीर्ती मिळाली, ती कल्पना लोक वाटेल तेथे वापरू लागले म्हणून नोबेल व्याख्यानात त्यांनीच इशारा दिला होता. ग्रहांच्या कक्षा, आकाशगंगांचे समूह, विश्वाचे प्रसरण हा राजाचा मुलूख आहे. तेथे कारभाऱ्याने लुडबुड करू नये. शिवाय या कारभाऱ्याची वंशावळ अजून लागलेली नाही. घुसळणारे यंत्र असलेले क्षेत्र वाढवते, हे खरे. पण अगदी पहिले, बीजरूप क्षेत्र विश्वात कोठून आले, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

हे सारे दूरचे झाले, आपल्याला त्याचे काय, असे विचारणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगते. मार्च १९८९ मध्ये सूर्यावरून आलेल्या अशाच लोटाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज गेली आणि साठ लाख लोक कडाक्याच्या थंडीत सुमारे नऊ तास अंधारात राहिले. १० आणि ११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथून आकाश तांबूस झालेले दिसले. लोट किती मोठा आणि किती वेगवान, एवढ्यावर संकट ठरत नाही. त्याच्या पोटातील चुंबकीय क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळती असेल, तर तो बराचसा बाजूने निघून जातो. ती उलट, दक्षिणेकडे असेल, तर दोन्हीकडच्या बलरेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि दार उघडते. ही दिशा इथून दुर्बिणीतून कळत नाही; लोटात उभे राहूनच मोजावी लागते. त्यासाठी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आपले आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून ठाण मांडून आहे. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली आहे. ते सुटले २ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे कुलाब्याच्या सूची ढळल्या त्याच तारखेला; अर्थात हा निव्वळ योगायोग. (गांधीनगरच्या संस्थेत चुंबकाच्या पिंजऱ्यात प्लाझ्मा कोंडणारे जे यंत्र १९८९ पासून आहे, त्याचेही नाव आदित्यच. नावांच्या बाबतीत आपण थोडे अधिक कल्पक व्हायला हरकत नाही.) आदित्य-एल१ वरील चुंबकमापक सहा मीटर लांब दांड्यावर बसवला आहे, कारण यानाच्या स्वतःच्या विजेची बाधा त्याला होता कामा नये.

नेमकी हीच अडचण मुंबईत शंभर वर्षांपूर्वी आली होती. घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरताच कुलाब्याच्या सूची निरुपयोगी होणार हे उघड झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. आपला काळा पाषाण स्वतःच थोडा चुंबकीय असतो, म्हणून तसा गुण नसलेला दगड आणून, लोखंड टाळून इमारत उभारली. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी त्या एकाच वेळी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडता यावेत. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.

मित्रहो, महाविद्यालयांच्या सहली अलिबागला जातात. ओहोटी पाहून कुलाबा किल्ला बघायचा, टांग्यातून चक्कर मारायची, भेळ खायची आणि परत फिरायचे, असा ठरलेला कार्यक्रम असतो. किल्ल्यातील आंग्रेकालीन अवशेषांवर टिपणे काढणे योग्यच आहे. पण पुढील वर्षी आमच्या इतिहास विभागाची सहल तिकडे निघालीच, तर सरांनी आगाऊ पत्र लिहून वेधशाळा पाहण्याची परवानगी मागावी, अशी माझी विनंती आहे. शक्य झाल्यास मी वडिलांनाही बरोबर आणीन. त्यांना तेथील लोकांना दोन-चार प्रश्न विचारायचे आहेत.